हाक मारली की बघतं का?

आंबेगाव तालुक्याच्या पश्चिमेला, तळेघरच्या पुढे भीमाशंकरच्या वाटेवरच्या वाड्यांमध्ये लहान मुलांच्या तपासणीची गाडी येते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून लोक तिला 'आरबीएसकेची गाडी' म्हणतात. अंगणवाडीच्या पत्र्याखाली सतरंजी पडते, वजनकाटा टांगला जातो आणि पथकातली सिस्टर पिशवी उघडते. पिशवीत एक घंटी, एक खुळखुळा, टॉर्च, एक इंचाचे लाकडी ठोकळे, रंगीत लोकर, दाबल्यावर चूंऽ करणारं रबरी खेळणं आणि एका छोट्या बाटलीत थोडे मनुके. घंटी कानांसाठी, लोकर नजरेसाठी. ठोकळे एकावर एक रचता येतात का ते पाहण्यासाठी. मनुके यासाठी, की अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत एवढीशी वस्तू धरणं ही मेंदूची केवढी मोठी मजल आहे हे चिमटीकडे पाहिल्याखेरीज कळत नाही.

मग ती मुलाला घेऊन आलेल्या बाईला विचारते, "हाक मारली की बघतं का?"

आजी असेल तर उत्तर बहुधा ठरलेलं असतं. "ऐकू येतंय की बाई. टीव्हीवर जाहिरात लागली का पळत येतंय."

घाईत असलेला माणूस इथे 'होय' लिहून पुढच्या मुलाकडे वळेल. शिकलेला हात थांबतो. जाहिरात ऐकू येते आणि स्वतःचं नाव मात्र जणू येत नाही, याचा अर्थ कान बहुधा ठीक आहेत आणि प्रश्न दुसरीकडेच असू शकतो. हा पाच शब्दांचा प्रश्न सिस्टरच्या पिशवीत कसा आला, कोणाकोणाच्या हातून आला, याचा मागोवा घ्यावा असं मला फार दिवस वाटत होतं. बोलण्यात, वागण्यात, समजण्यात मागे राहिलेल्या मुलांच्या शुश्रूषेचा आपल्याकडचा सगळा इतिहास या प्रश्नाच्या मागे लागून जुन्नर-आंबेगावच्या डोंगरात येऊन पोहोचतो.

सुरुवात करायची तर सहाणेपासून करायला हवी.

जुन्नर आणि आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात महादेव कोळी कुटुंबांच्या हातात पावसाळ्याआधी जो रोख पैसा येतो, त्यात हिरड्याचा वाटा मोठा. फळ कोवळं असतानाच झोडायचं, अंगणात वाळवायचं, काळं पडून सुरकुतलं की तो बाळहिरडा. व्यापारी पोत्याने नेतात. त्यातलाच एखादा घरात राहतो आणि बाळगुटीच्या डब्यात जातो. त्या डब्यात मुरुडशेंग, सागरगोटा, जायफळ, सुंठ, अतिविष आणि वेखंड. रोज आंघोळीनंतर सहाणेवर प्रत्येकाचे ठरलेले वेढे उगाळायचे आणि चाटण बाळाच्या जिभेला लावायचं. मूल बोलायला उशीर करतंय असं वाटलं की वेखंडाचे वेढे वाढायचे, मधात कालवून. वेखंडाने वाचा फुटते ही समजूत महाराष्ट्रभर आहे. आजचा डॉक्टर सांगतो, की पहिले सहा महिने आईच्या दुधाखेरीज काहीच नको, तान्ह्याला मध नको, आणि वेखंड तर जपूनच, कारण त्यातलं असारोन हे द्रव्य निरुपद्रवी नाही. ते त्याने सांगितलंच पाहिजे आणि आपण ऐकलंच पाहिजे.

पण त्या सहाणेजवळ आणखी एक गोष्ट घडत होती. एक अनुभवी बाई रोज ठरल्या वेळी बाळाला पायांवर घेत होती आणि त्याच्या तोंडाकडे बघत होती. मान धरली का, नजर फिरते का, हसल्यावर हसतं का, जीभ वळते का. कुठे लिहीत नव्हती, पण रोज बघत होती. काही चुकतंय हे सगळ्यांत आधी तिलाच कळायचं. तिच्याजवळ नसायचा तो पुढचा रस्ता. मग मीठ-मोहऱ्या, मग भगत, मग लेण्याद्रीच्या गिरिजात्मजाला किंवा ओझरच्या विघ्नहराला नवस. आणि या सगळ्यानंतरही मूल बोललं नाही की त्याला एक शब्द चिकटायचा. मुकं. खुळं. येडं. नाव मागे पडायचं आणि हा शब्दच हाक बनायचा. ज्या मुलाला आधीच आपलं नाव कळायला अवघड जातंय, त्याला आपण दुसऱ्याच शब्दाने हाक मारायला लागायचं, यासारखं दुखणारं मला या सगळ्या इतिहासात दुसरं काही आढळलं नाही.

याच जुन्नर तालुक्यात आळे गावी रेड्याची समाधी आहे. ज्ञानेश्वरांनी ज्याच्या तोंडून वेद वदवले, तो रेडा परतीच्या वाटेवर इथे थांबला अशी श्रद्धा आहे. दरवर्षी लोक मोठ्या संख्येने दर्शनाला जातात. मुक्या जिवाला वाचा फुटली या गोष्टीचं आपल्याला किती अप्रूप आहे, ते तिथे दिसतं. न बोलणाऱ्या लेकराची आई त्या समाधीपुढे काय मागत असेल हे वेगळं सांगायला नको. मला त्या कथेतली दुसरी बाजू जास्त जवळची वाटते. रेडा बोलण्याआधी कोणीतरी त्याच्या डोक्यावर हात ठेवला होता.

सरकार नावाची गोष्ट मुलांसाठी दारात आली ती आधी देवीच्या लशीमुळे. १४ जून १८०२ रोजी मुंबईत तीन वर्षांच्या ॲना डस्टहॉलला देवीची लस टोचली गेली. भारतात ती पहिली. पुढे गावोगाव 'देवी काढणारे' फिरू लागले. दख्खन आणि खानदेशात हे काम पाहणाऱ्यांपैकी एक अलेक्झांडर गिब्सन. मराठी जाणणारा हा डॉक्टर पुढे दापोडीच्या सरकारी वनस्पती उद्यानाचा प्रमुख झाला आणि जुन्नरजवळ हिवरे इथल्या बागेत त्याने औषधी वनस्पती लावल्या. १८४७ मध्ये तो मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक झाला. म्हणजे हिरड्याच्या जंगलाची राखण आणि लेकरांच्या दंडावरची टोचणी एकाच माणसाच्या आयुष्यात येऊन गेली. टोचणाऱ्याला मात्र मुलाचा दंड हवा असायचा, मूल कसं वागतं याच्याशी त्याचं काम नव्हतं. हे पुढे फार काळ तसंच राहिलं. पल्स पोलिओच्या दिवसांत दारावर खडूने खूण करून गेलेल्या बायकांनीही बोटावरची शाई पाहिली, डोळ्यांतली नजर पाहायला त्यांना वेळ नव्हता. तरी दारापर्यंतची वाट त्यांनीच पाडली, हे विसरू नये.

आपल्या घरच्या बाईने परक्याच्या घरी जाऊन शुश्रूषा करायची, हेही सहज घडलेलं नाही. रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन उभं राहिलं आणि त्यातून ससून रुग्णालयात परिचारिकांचं शिक्षण घ्यायला मध्यमवर्गीय घरांतल्या, बहुतेक विधवा बायका पुढे आल्या. ज्यांना घरात कोपरा उरला होता, त्या वॉर्डात उभ्या राहिल्या. आजच्या उपकेंद्रातल्या प्रत्येक सिस्टरच्या मागे त्या बायका आहेत.

तरीही मागे राहिलेलं मूल या वॉर्डांत नव्हतं. ते एक तर घरात होतं, नाही तर मनोरुग्णालयात मोठ्या माणसांमध्ये. त्यांच्यासाठी वेगळी जागा असावी हे महाराष्ट्रात १९४० नंतर सुचलं. १९४१ मध्ये मुंबईच्या चिल्ड्रन्स एड सोसायटीने मानखुर्दला अशा मुलांसाठी निवासगृह काढलं. १९४४ मध्ये हॉर्मसजी आणि जय वकील या दांपत्याने आपल्या डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलीसाठी, दीनासाठी, घरातच शाळा सुरू केली. तीच पुढे शिवडीची जय वकील शाळा म्हणून मोठी झाली. तिचं मूळ नाव मला फार महत्त्वाचं वाटतं. विशेष काळजीची गरज असलेल्या मुलांची शाळा, असा त्या इंग्रजी नावाचा अर्थ होता. काय कमी आहे हे न सांगता काय हवं आहे ते सांगणारं नाव. १९६४ मध्ये पुण्यात अशाच मुलांसाठी कामायनी ही संस्था आली. पण मानखुर्द, शिवडी, पुणे ही सगळी शहरांतली नावं. डोंगरातल्या आईला यातलं एकही ठाऊक नव्हतं.

याच काळात तिकडे व्हिएन्नात एक वॉर्ड होता, त्याच्यापाशी थांबायलाच हवं. तिथल्या विद्यापीठाच्या बालरुग्णालयात एर्विन लाझार यांनी १९११ मध्ये वागण्या-शिकण्यात वेगळ्या असलेल्या मुलांसाठी एक विभाग सुरू केला होता. पुढे हान्स अ‍ॅस्पर्गर तिथे डॉक्टर झाले आणि त्यांचं नाव जगभर गेलं. पण वॉर्डाचा दिवस चालवायची ती सिस्टर व्हिक्टोरिन झाक. सकाळच्या कवायतीला ताल असायचा, गाणी असायची, धडे असायचे, खेळ असायचा, आणि रोज तोच क्रम. ज्या मुलाला बाहेरचं जग अंगावर येतं, त्याला पुढे काय होणार हे आधी कळलं की ते शांत होतं, ही गोष्ट तिने हाताने ओळखली होती. १९४४ मध्ये त्या इमारतीवर बॉम्ब पडला. झाक त्यात गेली. ती एका मुलाला कवेत घेऊन वाचवायला धडपडत होती.

त्याच शहरात 'आम श्पीगलग्रुंड' नावाचं दुसरं रुग्णालय होतं. नाझी राजवटीत तिथे ७८९ मुलं मेली, बरीचशी मुद्दाम मारली गेली. औषध डॉक्टरांनी लिहिलं, दिलं परिचारिकांनी. अ‍ॅस्पर्गर यांनीही काही मुलांना तिकडे पाठवलं होतं, हे हेर्विग चेक या इतिहासकाराने २०१८ मध्ये कागदपत्रांनिशी मांडलं. एकाच शहरात, एकाच वर्षी, तसाच पांढरा पोशाख आणि तशीच मुलं. 'हे मूल कसं आहे' या प्रश्नाचं उत्तर लिहून झाल्यावर त्या कागदाचं काय होतं, हे विचारायची सवय मला या दोन वॉर्डांनी लावली.

आता प्रश्नाकडे येऊ. १९४३ मध्ये अमेरिकेत लिओ कॅनर यांनी अकरा मुलांचं वर्णन लिहून स्वमग्नतेला, म्हणजे ऑटिझमला, वैद्यकात जागा दिली. त्यातली काही मुलं आईबापांना आधी बहिरी वाटली होती. हाकेला ओ न देणारं मूल तेव्हाच कागदावर आलं, पण ते निदानानंतर आठवलेलं लक्षण होतं. लहानपणीच ओळखता येईल का, हे कळायला अर्धशतक जावं लागलं. १९९४ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठातल्या ज्युली ऑस्टरलिंग आणि जेराल्डिन डॉसन यांनी एक साधी, सुंदर युक्ती केली. पुढे ज्यांचं निदान झालं अशा ११ मुलांच्या आणि इतर ११ मुलांच्या पहिल्या वाढदिवसाच्या घरगुती चित्रफिती गोळा केल्या. केक, मेणबत्ती, मामा-मावशांचा गोंगाट. त्या गर्दीत मूल माणसांकडे बघतं का, बोट दाखवतं का, वस्तू आणून दाखवतं का, आणि नावाने हाक मारल्यावर वळतं का, एवढंच मोजलं. दोन्ही गटांतला फरक वर्षाच्या वयातच दिसत होता. कोणाच्याही लक्षात न आलेली गोष्ट प्रत्येक घराच्या कपाटात पडून होती.

त्याच्या दोन वर्षं आधी, १९९२ मध्ये ब्रिटनमध्ये सायमन बॅरन-कोहेन आणि सहकाऱ्यांनी अठरा महिन्यांच्या मुलांसाठी एक छोटी प्रश्नावली केली होती. ती विचारायचं काम होतं हेल्थ व्हिजिटर या परिचारिकांचं. १८६२ मध्ये मँचेस्टर-सॅलफर्डच्या गरीब वस्त्यांत घरोघर फिरणाऱ्या बायकांपासून चालत आलेली ही परंपरा. प्रश्नावलीचा एक भाग आईला विचारायचा आणि उरलेला सिस्टरने स्वतः मुलाशी खेळून पाहायचा. काही वर्षांनी ती अमेरिकेत गेली, आणि तिथे घरी जाणारी परिचारिकाच नव्हती. म्हणून २००१ मध्ये डायना रॉबिन्स आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या सुधारित रूपात खेळून पाहायचा भाग गळला आणि आईबापांनी भरायचे २३ प्रश्न राहिले. नावाला ओ देतं का, हा त्यातला एक. हेच रूप पुढे जगभर गेलं, आपल्याकडेही आलं. म्हणजे आपल्याला प्रश्न मिळाला तो घरी येणाऱ्या सिस्टरला वगळून बनलेल्या कागदावर. आणि आपल्या डोंगरात नेमकी तीच, घरी येणारी बाई, आधीपासून होती. या मागोव्यात मला सापडलेली सगळ्यात मोठी गोष्ट हीच.

आपल्याकडेही मोजपट्ट्या बनत होत्या. बडोद्याच्या विद्यापीठात प्रमिला फाटक यांनी अमेरिकी मोजमाप भारतीय मुलांवर तपासून बडोदा चाचणी तयार केली. तिच्यातूनच १९९१ मध्ये तिरुवनंतपुरमला एम. के. सी. नायर यांनी सतरा टप्प्यांचा एक तक्ता केला. मुलाच्या वयाशी पेन्सिल उभी धरायची. पेन्सिलीच्या डावीकडची जी गोष्ट मूल करत नसेल, तिथे थांबायचं आणि विचार करायचा. अंगणवाडीच्या बाईला पाच-सात मिनिटांत जमेल एवढं सोपं. आज आईच्या हातात असतं त्या माता बाल संरक्षण कार्डावर अशीच चित्रं आहेत.

मग पेन्सिल धरायला कोणी घरी जायचं? ही वाट गडचिरोलीहून आली. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच बायकांना नवजात बाळाच्या घरगुती देखभालीचं शिक्षण दिलं. त्या आरोग्यदूतांमुळे नवजातांचे मृत्यू निम्म्याहून खाली आले, हे १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात आशाताई आली आणि २०११ पासून गडचिरोलीचीच रीत तिच्या कामात आली. जन्मानंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जायचं. २०१८ पासून त्यात तिसरा, सहावा, नववा, बारावा आणि पंधरावा महिना जोडला गेला. पहिल्या वाढदिवसाची चित्रफीत नसलेल्या घरात बाराव्या महिन्याची ही भेटच ती चित्रफीत आहे.

या सगळ्याला एक दुसरी बाजू आहे, ती आनंदाची आणि काळजीचीही. जी बाळं पूर्वी पहिल्या आठवड्यात जायची ती आता जगतात. जन्मतः न रडलेली, दीड किलोची. पुण्याच्या केईएम रुग्णालयात सुधा चौधरी आणि सहकाऱ्यांनी १९८७ ते १९८९ मध्ये जन्मलेल्या दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळांचा अठरा वर्षांपर्यंत माग ठेवला. बहुतेक मुलं चांगली वाढली, पण बुद्ध्यंक, अभ्यास, हाता-डोळ्यांचा मेळ यांत ती सोबत्यांच्या मागे राहिली. वाचवलेल्या बाळाची जबाबदारी बेचाळिसाव्या दिवशी संपत नाही, हे त्या अठरा वर्षांनी दाखवलं. आणि अशी मुलं थोडी नाहीत. उत्तर गोव्यासह देशातल्या पाच भागांत जवळपास चार हजार मुलं तपासून २०१८ मध्ये जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात सहा ते नऊ वर्षांच्या मुलांत मज्जाविकासाच्या नऊ अडचणींपैकी किमान एक असण्याचं प्रमाण १३.६ टक्के निघालं. त्यात सगळ्यात जास्त होत्या ऐकण्यातल्या उणिवा आणि बौद्धिक अक्षमता. म्हणूनच पिशवीतली घंटी प्रश्नाच्या आधी वाजते.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्याच पालघरला झाला. अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांमध्ये तीस दोष-आजार शोधायचे, अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा. विकासातला विलंब सरकारी यादीत इतक्या ठळकपणे पहिल्यांदाच आला. कायदा यायला मात्र वेळ लागला. १९९५ च्या अपंगत्व कायद्यात सात प्रकार होते, त्यांत स्वमग्नता नव्हतीच. २०१६ च्या कायद्यात प्रकार एकवीस झाले. शब्दही बदलत आले. मतिमंद, गतिमंद, मग बौद्धिक अक्षमता; अपंग, मग दिव्यांग. शब्द बदलल्याने घरातली हाक बदलतेच असं नाही, तरी कचेरीच्या कागदावर 'मतिमंद' लिहिलेलं वाचून परत येणाऱ्या आईला त्याचा फरक पडतो.

तपासणीत मूल सापडलं की पुढे चिठ्ठी मिळते. पुणे जिल्ह्यासाठी लहानपणीच उपचार सुरू करणारं केंद्र औंधच्या जिल्हा रुग्णालयात आहे. बालरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपी, वाचा-श्रवण, मानसशास्त्र, सगळं एका छताखाली. व्यवस्था चांगली आहे. पण जुन्नरच्या किंवा आंबेगावच्या पश्चिम टोकापासून औंध म्हणजे शंभर किलोमीटरच्या आसपास. पहाटेची एसटी, मंचर किंवा नारायणगावला गाडी बदलायची, पुण्याच्या गर्दीत आवाजाने बावरलेलं मूल सांभाळायचं आणि रात्री परत यायचं. नारायणगावच्या बाजाराचा हंगाम चालू असला की टोमॅटो तोडायला जाणाऱ्या बाईची दिवसाची मजुरी जाते, ती वेगळीच. एकदा जाणं होतं, दुसऱ्यांदाही होतं. आठवड्याला जाणं होत नाही. आणि या मुलांना एकदाच्या औषधापेक्षा रोजच्या सरावाचा उपयोग असतो.

म्हणून मला वाटतं, खरी शुश्रूषा चिठ्ठीनंतर सुरू होते आणि ती घरातच व्हावी लागते. हे काही स्वप्न नाही. गोव्यात 'संगाथ' या संस्थेने आणि पाकिस्तानात रावळपिंडीला एकाच वेळी हे करून पाहिलं गेलं. तज्ज्ञ नसलेल्या, पण शिकवून तयार केलेल्या आरोग्य कार्यकर्त्यांनी स्वमग्न मुलांच्या आईबापांबरोबर पंधरवड्याला एक अशा बारा बैठका घेतल्या. दोन्ही ठिकाणची मिळून ६५ मुलं. आईने मुलाला आपल्याकडे ओढण्याऐवजी मूल जिथे बघतंय तिथे आपण बघायचं, ते ज्यात रमलंय त्यात शिरायचं, एवढंच मुख्य सूत्र. २०१६ मध्ये निकाल आले. आईबाप मुलाशी अधिक जुळवून घेऊ लागले होते आणि मुलं आपणहून जास्त संवाद सुरू करत होती.

आपल्या उपकेंद्रातली सिस्टर आणि वाडीतली आशाताई मिळून घरात काय करू शकतात, ते तपशिलात सांगतो.

आधी दुखणं शोधायचं. न बोलणारं मूल अचानक डोकं आपटायला लागलं तर हट्ट म्हणायच्या आधी कान बघायचा, दाढ बघायची, पोट साफ होतंय का विचारायचं. माती-खडू खात असेल तर जंत आणि रक्त तपासायचं. आकडी येत असेल तर गोळी एक दिवसही चुकू द्यायची नाही, आणि पावसात ओढे भरून वाट बंद होण्याआधी महिन्याची गोळी घरात आणून ठेवायची. मग वही. आधी काय झालं, मुलाने काय केलं, त्यानंतर घरातल्यांनी काय केलं. तीन रकाने, आईला लिहिता येत नसेल तर शाळेत जाणारी बहीण लिहील. दहा दिवसांत कळतं, की मिक्सर सुरू झाला की ते किंचाळतं किंवा घरात पाहुणे आले की चावतं. मग दिवसाला क्रम लावायचा, व्हिएन्नातल्या त्या सिस्टरसारखा. आंघोळीआधी हातात तांब्या द्यायचा, अंगणवाडीआधी दप्तर, जेवणाआधी त्याची ताटली. शब्द कळायच्या आधी वस्तू कळते. एका वेळी एकच गोष्ट सांगायची, आणि सांगून झाल्यावर मनात दहा आकडे मोजेपर्यंत गप्प राहायचं.

आणि इथली एक खास काळजी. यातली काही मुलं घरातून निघून जातात. दार उघडं दिसलं की चालू लागतात आणि मागून मारलेल्या हाकेला थांबत नाहीत. पूर्व भागात घराच्या पाठीशी ऊस आणि उसात बिबट्या. २००१ ते २००३ च्या सुमारास जुन्नर भागात हल्ले इतके वाढले, की माणिकडोहला बिबट्यांसाठी निवारा केंद्र काढावं लागलं, आणि भीती अजून सरलेली नाही. त्यात कठडा नसलेल्या विहिरी आणि प्लॅस्टिक अंथरलेली निसरडी शेततळी. म्हणून इथल्या सिस्टरच्या यादीत कडी वर बसवणं, पायात वाजणारे वाळे घालणं, गळ्यातल्या पदकावर घरचा फोन नंबर कोरणं, दिवेलागणीला मूल कोणाच्या नजरेत आहे ते ठरवणं आणि शेजारच्या चार घरांना सांगून ठेवणं हेही असायला हवं. हाकेला न वळणारं मूल ही इथे केवळ तक्त्यावरची खूण राहत नाही.

शेवटी आई. तिला रात्री किती झोप मिळते, हे कुठल्याच तक्त्यात नाही. "तुझ्यामुळं झालं" हे तिने सासरी किती वेळा ऐकलं, तेही नाही. सिस्टरने सासूच्या समोर, ओसरीवर बसून, एकदा स्पष्ट सांगितलं की यात आईची काही चूक नाही, तर त्या घरातली हवा पालटते. हे काम फोनवर होत नाही आणि औंधलाही होत नाही, कारण सासू तिथे येत नाही.

यासाठी माणसं टिकायला हवीत. कंत्राटावरची सिस्टर दोन वर्षांत बदलली की मूल पुन्हा शून्यावर येतं, कारण त्याला नव्या माणसाची सवय व्हायला बराच काळ लागतो. आशाताईला डोंगर चढून केलेल्या प्रत्येक भेटीचा मोबदला वेळेवर मिळायला हवा आणि या मुलांच्या भेटी तिच्या कामात अधिकृतपणे धरल्या जायला हव्यात. पंधराव्या महिन्यानंतरही.

समजा, सिस्टर आली. तिसऱ्यांदा किंवा चौथ्यांदा. आषाढाचा पाऊस आहे, छत्री ओसरीवर टेकवली आहे, चुलीवर चहा आहे. मूल कोपऱ्यात डब्याचं झाकण गरगर फिरवत बसलंय, तिच्याकडे बघत नाही. आजी सवयीने मोठ्याने हाक मारते, सिस्टर हातानेच तिला थांबवते. पिशवी उघडी ठेवून आपणही जमिनीवर बसते, दुसरं एक झाकण घेते आणि फिरवायला लागते. बराच वेळ दोन झाकणांचा आवाज. मग मूल उठतं, तिच्याकडे न बघता पिशवीत हात घालतं, घंटी बाहेर काढतं आणि तिच्या कानाशी नेऊन वाजवतं.

ती वळून बघते.